शंका आली की डिझेल

२००० नंतरच्या दशकात अमेरिकेत मर्सिडीजच्या ३०० डी या जुन्या गाडीला एक नवं गिऱ्हाईक मिळालं. चौकोनी अंगाची, जड, संथ गाडी. तिच्यातलं ओएम ६१७ हे पाच सिलिंडरांचं, तीन लिटरचं डिझेल इंजिन दीर्घायुष्यासाठी आधीच प्रसिद्ध होतं. नव्या गिऱ्हाइकांचा डोळा मात्र तिच्या इंधनपंपावर होता. बॉशच्या या पंपाला वंगण मिळतं ते इंजिनच्या ऑइलमधून. इंधनावर तो वंगणासाठी फारसा अवलंबून नाही. त्यामुळे आतून काय वाहतं आहे याबाबत तो सोशिक आहे. आणि ही मंडळी त्यातून हॉटेलांच्या कढईत वापरून झालेलं तेल सोडणार होती.

गाडीच्या मूळ टाकीत डिझेल तसंच राहायचं. डिकीत, बहुतेकदा स्टेपनीच्या खड्ड्यात, दुसरी टाकी बसायची, ती तेलाची. दोन टाक्यांकडून आलेल्या नळ्या इंजिनजवळ व्हॉल्व्हला मिळायच्या, आणि डॅशबोर्डवर एक साधं बटण यायचं. ग्रीसकार, फ्रायब्रिड यांसारख्या छोट्या कंपन्या असे संच विकत. पण पुष्कळांनी ते घरीच, गॅरेजच्या ओट्यावर, भंगारातल्या सुट्या भागांतून जमवले. त्यांतल्या काहींना लवकरच कळलं की सगळी व्यवस्था डॅशबोर्डवरच्या त्या बटणाशी लंगडी पडते. बटण वेळेवर दाबणं माणसाच्या हातात आहे, आणि माणूस विसरतो. तिथून बटणाचं काम स्वतःकडे घेणाऱ्या घरगुती मायक्रोकंट्रोलरची गोष्ट सुरू होते. मला या साऱ्या उद्योगातली तीच सगळ्यांत शहाणी गोष्ट वाटते.

वनस्पती तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये भुईमूग मुबलक होता आणि फ्रेंच सरकारला त्यात रस होता. इंजिन इतकं सुरळीत चाललं की इंधन वेगळं आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलं, असं रुडॉल्फ डिझेलनं पुढे नोंदवलं आहे. आपण १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन पाळतो आणि त्या दिवशी १८९३ मध्ये डिझेलनं शेंगदाणा तेलावर इंजिन चालवलं असं दरवर्षी छापून येतं. ती गल्लत आहे. १८९३ च्या त्या दिवशी आउग्सबुर्गला त्याच्या पहिल्या प्रायोगिक यंत्राची चाचणी झाली. शेंगदाण्याचं तेल आलं ते सात वर्षांनी, पॅरिसला.

मग शंभर वर्षांनी ही धडपड का करावी लागली? कारण मधल्या काळात इंजिनं खनिज डिझेलच्या मापानं घडत गेली. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असतो. त्याच तापमानाला सोयाबीनचं किंवा मोहरीवर्गातल्या रेपसीडचं तेल ३० ते ३६ च्या घरात असतं, म्हणजे आठ-दहा पट दाट. इंजेक्टरच्या नोझलमधून डिझेल धुक्यासारखं बारीक फवारलं जातं. थंड तेलाचे मोठे थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत. नोझलच्या तोंडाशी काजळीचे कठीण थर जमतात, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि तिथे त्याचा हळूहळू चिकट लगदा होतो. पहिल्या दिवशी गाडी छान चालते. नुकसान महिन्यांनी दिसतं. म्हणूनच तेल ओतून गाडी चालवून दाखवणाऱ्या कोणाच्याही प्रात्यक्षिकावर विश्वास ठेवू नये.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे तेल बदला. मेथॅनॉल आणि कॉस्टिक घालून तेलाच्या मोठ्या रेणूंमधलं ग्लिसरीन वेगळं काढलं की उरतं ते बायोडिझेल, आणि ते कमीअधिक फरकानं डिझेलसारखं वागतं. दुसरा म्हणजे तेल तसंच ठेवा, पण ते गरम करा. ७५-८० अंशांना तेलाचा दाटपणा १०-१२ सेंटिस्टोकवर उतरतो. डिझेलइतका पातळपणा त्यात येत नाही, पण सोशिक पंपाच्या जुन्या इंजिनला तो चालतो. आणि ही उष्णता फुकट मिळते, कारण इंजिनचं कूलंट तापून ८०-९० अंशांना पोचतंच. ते फिरवून तेलाच्या टाकीतून, फिल्टरभोवतून आणि शेवटी चपट्या पत्र्यांच्या हीट एक्स्चेंजरमधून नेलं की तेल पंपाशी तापूनच येतं.

अडचण दोन टोकांना आहे. सकाळी इंजिन थंड असतं, कूलंट थंड असतं, म्हणून सुरुवात डिझेलवर करावी लागते. आणि रात्री इंजिन बंद केल्यावर पंपात, नळ्यांत, नोझलमध्ये जे उरेल ते सकाळपर्यंत थंड होणार, म्हणून शेवटही डिझेलवरच करावा लागतो. बंद करण्याआधी तेल धुऊन काढून सगळीकडे डिझेल भरून ठेवायचं. दोन टाक्यांच्या रचनेतली सगळी शिस्त एवढीच आहे.

ही शिस्त आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे छोटे पंपसेट महाराष्ट्रात पुष्कळांनी वापरले आहेत. वर पेट्रोलची इवलीशी टाकी, शेजारी रॉकेलची मोठी. इंजिन तापलं की कॉक फिरवायचा, आणि बंद करायच्या थोडं आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. ते विसरलं की दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा दुखायचा. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ट्रॅक्टरही असेच पेट्रोल आणि जड इंधन यांवर चालत. या दोन्ही ठिकाणी कॉक फिरवणारा माणूस दिवसभर यंत्रापाशीच असतो. मोटारीत माणूस दुसऱ्या विचारात असतो. फोन येतो, मुलं मागच्या सीटवर भांडतात, पार्किंग मिळालं म्हणून किल्ली फिरवली जाते, आणि तेल आतच राहतं.

घरच्या घरी हा कंट्रोलर बनवायला काय लागतं? नव्वदीच्या दशकात हौशी लोकांनी पिक १६एफ८४ ही चिप वापरली. तिच्यात प्रोग्रॅमसाठी जागा १०२४ सूचनांची आणि चालू कामासाठी स्मृती फक्त ६८ बाइटची. तापमान मोजण्यासाठी वेगळं सर्किट जोडावं लागे. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआमध्ये आर्डुइनो हा सोपा मायक्रोकंट्रोलर बोर्ड तयार झाला आणि हा रस्ता सर्वांना मोकळा झाला. पुढच्या आर्डुइनो उनोवरची एटीमेगा ३२८ पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, तिच्यात ३२ किलोबाइट प्रोग्रॅम मावतो, २ किलोबाइट चालू स्मृती आहे, आणि व्होल्टेजचं मोजमाप ० ते १०२३ या पायऱ्यांत करणारी सोय आतच आहे. दोन व्हॉल्व्ह, एक पंप, तीन-चार सेन्सर आणि एक बझर सांभाळायला हे भरपूर झालं. फोनमधल्या प्रोसेसरपुढे हिची ताकद किरकोळ आहे, पण इथे वेगाची गरजच नाही. तेल सेकंदांच्या हिशोबानं तापतं.

प्रोग्रॅमचा सांगाडा चार अवस्थांचा असतो: डिझेलवर गरम होणं, तेलावर चालणं, धुणं, आणि बंद होण्याची तयारी. पहिल्या अवस्थेतून दुसरीत जाण्यासाठी एकच अट ठेवून भागत नाही. कूलंट तापलेलं हवं, आणि पंपात शिरण्याच्या अगदी आधीच्या जागी तेलही तापलेलं हवं. कूलंट ८० ला पोचलं तरी मागच्या टाकीतलं तेल अजून ३० अंशांवर असू शकतं. म्हणून दुसरा सेन्सर. शिवाय इंजिन खरंच फिरत आहे हे कळायला हवं. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो, तेव्हा आल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरच्या स्पंदांवरून फेरे मोजतात. चढतीचं आणि उतरतीचं तापमान वेगळं ठेवतात: ७५ ला तेलावर जा, पण परत डिझेलवर यायचं ते ६५ च्या खाली उतरल्यावर. दोन्हीसाठी एकच आकडा ठेवला तर काठावरचा व्हॉल्व्ह दर पाच सेकंदांनी टकटकत राहतो.

इथवरचं काम विजेचा नाद असलेला कोणीही एका सुट्टीत करू शकेल. पुढचा भाग वेगळा आहे. यंत्राला काय माहीत आहे यावरून प्रोग्रॅम लिहिणं सोपं असतं. त्याला काहीच माहीत नसेल तेव्हा त्यानं काय करावं, हे आधी ठरवून ठेवण्यात बनवणाऱ्याची समज दिसते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण डीएस१८बी२० या तापमापकात सापडतं. स्वस्त, ट्रान्झिस्टरएवढा, आकड्यांतच उत्तर देणारा हा सेन्सर हौशी मंडळींचा आवडता. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे तीन-चार सेन्सर एकाच तारेवर टांगता येतात. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान अचूकता अर्ध्या अंशाची. पण एक खोच आहे. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पुरं होईपर्यंत त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा ठेवलेला असतो. पूर्ण बारकाईच्या मोजमापाला पाऊण सेकंद लागतो. त्याआधी विचारलं, किंवा मोजताना क्षणभर वीज गेली, तर सेन्सर ८५ असं उत्तर देतो. इतर कुठल्या कामात हे चाललं असतं, दोन सेकंदांनी आकडा सुधारतो. इथे मात्र ८५ म्हणजे ‘तेल तयार आहे’. थंडीतल्या पहाटे, इंजिन पहिल्यांदा फिरवताना, बॅटरीचा व्होल्टेज कोसळलेला असतानाच हा सेन्सर यंत्राला तेलाकडे वळायला सांगू शकतो.

म्हणून जाणकार लोक पहिलं मोजमाप टाकूनच देतात. नेमका ८५.०० आला तर त्याच्या आधी ८४ च्या आसपासचे आकडे येऊन गेले आहेत का, ते पाहतात. तेल दोन सेकंदांत ५० अंशांनी तापत नाही. अशी उडी दिसली तर ते मोजमाप खोटं धरून डिझेलवरच राहतात. जुन्या पद्धतीच्या थर्मिस्टरची अडचण निराळी. त्याचा रोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत कमी होतो, त्यामुळे तार तुटली की नेहमीच्या जोडणीत तो ‘अतिथंड’ भासतो आणि यंत्र आपोआप डिझेलवर थांबतं. पण तारेचं आवरण घासून ती गाडीच्या पत्र्याला टेकली, तर तोच थर्मिस्टर ‘अतिगरम’ भासतो आणि यंत्र निर्धास्तपणे तेल सोडतं. यावर १२० अंशांच्या वरचं कुठलंही उत्तर हा बिघाडच समजावा. तेल तापलं आहे की नाही अशी शंका आली की डिझेल. हा एक नियम प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीत असायला हवा.

व्हॉल्व्हची निवडही त्याच कसोटीवर करावी. पुष्कळ संचांत पोलॅक कंपनीचा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह असे. आत छोटी मोटर. विजेची दिशा उलटली की जाणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही नळ्या एकाच वेळी एका टाकीवरून दुसरीवर जातात. नळ्यांची जोडणी सोपी, किंमत आवाक्यात. पण वीज गेली तर हा व्हॉल्व्ह होता तिथेच राहतो. तेलावर असताना फ्यूज उडाला तर तेलावरच. त्याऐवजी दोन स्वतंत्र सोलेनॉइड व्हॉल्व्ह घेतले, तर त्यांच्या आतली स्प्रिंग वीज नसताना त्यांना डिझेलच्या बाजूला ढकलते. फ्यूज उडो, तार निसटो, चिप अडको, गाडी डिझेलवर येते. प्रोग्रॅममध्ये लिहिलेला नियम स्प्रिंगमध्येही असायला हवा, कारण प्रोग्रॅम चालायला वीज लागते आणि स्प्रिंगला लागत नाही.

दोन वेगळे व्हॉल्व्ह घेण्याचं दुसरं कारण म्हणजे धुणं, आणि धुण्याचा हिशोब नीट समजून घेण्यासारखा आहे. इंजेक्शन पंप जितकं इंधन ओढतो त्यातलं थोडंसंच जळतं. बाकीचं परतीच्या नळीनं टाकीकडे जातं. बिनभारानं चालणारं मोटारीचं इंजिन तासाला लिटरभर किंवा त्याहूनही कमी इंधन जाळतं. समजा व्हॉल्व्हनंतरच्या फिल्टरमध्ये, नळ्यांत आणि पंपात मिळून अर्धा लिटर तेल आहे. ते केवळ जाळून संपवायचं ठरवलं तर अर्धा तास गाडी उभी ठेवून इंजिन चालवावं लागेल. परतीचा प्रवाह मात्र त्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे परतीतून तेल बाहेर ढकललं तर काम मिनिटाभरात होतं. प्रश्न इतकाच, की परतीतून येणारं ते डिझेल-तेलाचं मिश्रण जाणार कुठे?

पोलॅकच्या व्हॉल्व्हनं दोन्ही नळ्या एकदम वळवल्या की ते जातं डिझेलच्या टाकीत. रोज थोडं थोडं. काही महिन्यांत ज्या टाकीच्या भरवशावर थंड इंजिन सुरू करायचं तिच्यातच तेल साचतं. काहींनी परतीची नळी टाकीकडे न नेता पंपाच्या आधीच पुन्हा जोडून टाकली. टाकी वाचली, पण मग धुणं पुन्हा जाळण्याच्या गतीनंच होऊ लागलं आणि अडकलेले हवेचे बुडबुडे बाहेर पडेनात. उत्तम उपाय कंट्रोलरच्या हाती असतो. धुताना आधी फक्त जाणारी नळी डिझेलवर घ्यायची आणि परतीची काही सेकंद तेलाच्या टाकीकडेच ठेवायची. सगळं तेल तिकडे परतलं की मग परतीही डिझेलवर. यात थोडं डिझेल तेलाच्या टाकीत जातं. ते गेलेलं चालतं, उलट तेल त्यानं किंचित पातळच होतं. चूक होणारच असेल तर ती या बाजूला होऊ द्यावी, म्हणून सेकंद मोजताना चार जास्तच धरावेत. आणि व्हॉल्व्ह पंपाच्या जितका जवळ, तितकं धुणं आटोपशीर: दोन इंधनांना वेगवेगळे फिल्टर दिले आणि व्हॉल्व्ह त्यांच्या पुढे, पंपाला खेटून बसवला, की धुवायचं तेल अर्ध्या लिटरवरून शंभरेक मिलिलिटरवर येतं.

आता विसराळूपणा. चालकानं धुणं न करता किल्ली काढली तर? कंट्रोलरला बॅटरीवरून थेट वीज दिलेली असली की त्याला हे कळतं. तो बझर वाजवू शकतो. काहींनी पुढची पायरी घेतली: किल्ली काढली तरी इंजिन चालूच ठेवायचं, धुऊन झालं की बंद करायचं. फोक्सवॅगनच्या टीडीआयसारख्या गाड्यांत इंधन रोखणारा सोलेनॉइड असतो, तो कंट्रोलरच्या रिलेवर घेतला की काम होतं. ३०० डीमध्ये इंजिन बंद होतं ते पोकळीच्या दाबानं, त्यामुळे तिथे हवेच्या नळीवर आणखी एक व्हॉल्व्ह लागतो. मला ही पुढची पायरी मान्य नाही. किल्ली काढल्यावर इंजिन बंद व्हायलाच हवं. बंद गॅरेजमध्ये मालक निघून गेल्यावर चालत राहिलेलं इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बझर कर्कश ठेवावा आणि तेवढ्यावर थांबावं. तेल आत राहिलंच, तर चिपच्या कायम स्मृतीत तशी नोंद ठेवता येते, आणि पुढच्या वेळी सुरू करताना थंड सिलिंडरला ऊब देणारे ग्लो प्लग जास्त वेळ तापवण्याची सूचना देता येते.

लांब उतारावर किंवा वाहतूक कोंडीत इंजिनवर भार नसतो, सिलिंडर आतून थंड पडतात, आणि गरम तेलही अर्धवट जळू लागतं. त्यासाठी काहींनी एग्झॉस्टमध्ये के जातीचा थर्मोकपल बसवला. मॅक्स ६६७५ ही चिप त्याचं मोजमाप पाव अंशाच्या पायऱ्यांत १०२४ अंशांपर्यंत देते. एग्झॉस्ट बराच वेळ थंड राहिला की परत डिझेलवर. जर्मनीत डॉइट्झ-फारनं रेपसीड तेलावर चालणारा दोन टाक्यांचा ट्रॅक्टर बाजारात आणला, त्यातही इंधन आपोआप बदलण्याची सोय होती. घरी बनवणारे आणि कारखाना एकाच उत्तरावर पोचले होते.

मोटारीतली वीज ही घरातल्या विजेसारखी सभ्य नसते, हे अनेकांच्या पहिल्या चिपनं जीव देऊन शिकवलं. स्टार्टर फिरताना १२ व्होल्ट ८-९ वर, कधी त्याहून खाली येतात. चालू आल्टरनेटरवरून बॅटरीची तार निसटली तर क्षणभर ऐंशीच्या वर व्होल्टेज उसळू शकतो. साधा ७८०५ रेग्युलेटर ३५ च्या पुढे टिकत नाही. म्हणून पुढे उसळी गिळणारा टीव्हीएस डायोड, सोलेनॉइडच्या प्रत्येक कॉइलवर उलट डायोड, आणि चिपमधला वॉचडॉग नेहमी चालू. वॉचडॉग म्हणजे प्रोग्रॅमनं ठरावीक वेळात हजेरी लावली नाही तर चिपला पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारं घड्याळ. पुन्हा सुरू झालेली चिप आधी काय चाललं होतं ते आठवत बसत नाही. ती डिझेलवरून सुरुवात करते.

कंट्रोलर करू शकत नाही अशा गोष्टीही आहेत. तेलातलं पाणी त्याला दिसत नाही. ते ओळखायला तापलेल्या तव्यावर थेंब टाकून तडतडतो का, हे पाहणं अजून चांगलं. गाळण्याचं कंटाळवाणं काम, जाड जाळीपासून पाच मायक्रॉनपर्यंत, माणसानंच करायचं. तेलाची जात तो बदलू शकत नाही. हवेत सुकून पापुद्रा धरणारी तेलं, जवस किंवा करडई, जी रंगांसाठी वापरतात, ती इंजिनातही तेच करतात. शेंगदाण्याचं बरं, खोबरेल त्याहून स्थिर पण थंडीत गोठणारं. तांब्याच्या नळ्या आणि फिटिंग तेल बिघडवण्याची क्रिया वेगानं घडवतात, तिथे अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील हवं. आणि कॉमन रेलचं आधुनिक इंजिन या खेळात धरूच नये. तिथे दाब १,६०० बार आणि त्यापुढचा असतो, पंपाचं वंगण इंधनच असतं, आणि धुराचा फिल्टर साफ करण्यासाठी काही इंधन उशिरा फवारलं जातं. तेल तेव्हा जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं. एप्रिल २०२० नंतरच्या आपल्या बीएस ६ डिझेल गाड्या याच जातीच्या आहेत.

युरोपात या हौसेला कायद्यानं कधी हात दिला, कधी आवर घातला. ब्रिटननं २००७ मध्ये वर्षाला २,५०० लिटरपर्यंत जैवइंधन बनवणाऱ्यांना करमाफी दिली. जर्मनीत रेपसीड तेलासाठी डीआयएन ५१६०५ हे प्रमाण आलं, आणि २००६ च्या ऊर्जाकर कायद्यानंतर त्याच तेलावर कर चढत गेला. वापरलेल्या तेलाला बायोडिझेलच्या कारखान्यांकडून भाव मिळू लागला, तसं हॉटेलांच्या मागच्या दारी फुकट मिळणारं पिंपही दुर्मीळ झालं.

आपल्याकडे मोटारीत हे करणं बेकायदेशीर आहे आणि ते तसंच राहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीचा संच बसवायचा तर तोही पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासलेला लागतो. तळणाच्या तेलाचा आपला प्रश्न गाडीपेक्षा पोटाचा आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल अन्नासाठी वापरायला बंदी आहे. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची रुको योजना आणली. वड्याच्या गाडीवरून निघालेलं ते काळं तेल कुणाच्या डिकीत जाण्यापेक्षा, आणि त्याहून दुसऱ्या गाडीवरच्या कढईत जाण्यापेक्षा, त्या कारखान्यात गेलेलं बरं.

मला या कंट्रोलरची जागा आपल्याकडे दिसते ती उभ्या इंजिनावर. गुजरातेत राजकोटच्या कारखान्यांनी इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या नकला अनेक दशकं बनवल्या: एक सिलिंडर, सहा अश्वशक्ती, मिनिटाला ६५० फेरे. अमेरिकेतल्या तेलवेड्यांनी ही इंजिनं तिथून मागवली, कारण इतक्या संथ इंजिनात दाट तेलालाही जळायला वेळ मिळतो. कर्नाटकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उडुपी श्रीनिवास यांनी गेल्या शतकाच्या अखेरीला कग्गनहळ्ळी गावात करंजाच्या तेलावर जनरेटर चालवून पाणी उपसून दाखवलं. करंज आपल्याकडे ओढ्याकाठी आणि रस्त्याकडेला सर्रास आहे, त्याचं तेल कडू आणि अखाद्य. म्हणून अन्नाशी त्याची स्पर्धा नाही. आता सौर पंप येत आहेत आणि दिवसाचं पाणी त्यांनीच काढावं. पण रात्रीच्या जनरेटरला, पिठाच्या गिरणीला, पाड्यावरच्या तेलघाण्याला अजून ऑइल इंजिन लागतं.

अशा इंजिनवर मोटारीतले निम्मे त्रास नसतात. भार जवळजवळ स्थिर असतो, उतार नाही, कोंडी नाही. दोन तापमापक, स्प्रिंगचे दोन व्हॉल्व्ह, एक चिप आणि आल्टरनेटर नसेल तर फ्लायव्हीलवर चुंबक लावून फेरे मोजणारा सेन्सर, एवढ्यावर भागतं. माणसाला त्यात दोनच बटणं द्यावीत. ‘थांबव’ दाबलं की इंजिन लगेच थांबू नये. आधी जाणारी नळी डिझेलवर यावी, मिनिटाभरानं परतीची, आणि मगच इंधन तोडणाऱ्या सोलेनॉइडची वीज जावी. दुसरं बटण लाल आणि मोठं असावं, चिपशी न जोडलेलं, थेट सोलेनॉइडची तार तोडणारं. पट्ट्यात कुणाचा हात किंवा धोतराचा सोगा अडकला, तर तेल धुण्यासाठी एक क्षणही थांबायचं कारण नाही.